जावयाचा जोलभरा

आमच्या बंगालातल्या चंदननगरात जावयाला भिजवल्याशिवाय जावई म्हणत नाहीत. ज्येष्ठातल्या जामाईषष्ठीला, म्हणजे जावयाच्या सणाला, त्याच्या ताटात भला मोठा जोलभरा ठेवायचा. दिसायला ताडगोळ्यासारखा संदेश, म्हणजे फाडलेल्या दुधाच्या छेन्याची मिठाई, आणि आत गुलाबपाणी. नवा जावई ऐटीत चावा घेतो, चिळकांडी थेट कोऱ्या कुडत्यावर, आणि घर हसून लोळतं. यात ज्याला अपमान वाटतो तो जावई आमच्या कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातून आमचं घर मिठाईवाल्याचं. माझे यजमान खगेन चाळीस वर्षं जोलभरा करताहेत. माणूस एक नंबरचा हेकट. कामाला बसले की साच्याशी बोलतील, बायकोशी नाही. कुणी तोंडावर कौतुक केलं तर त्याला मुद्दाम लहानातला संदेश काढून देतील. पण हात असा, की हुगळी नदीपलीकडून लोक यायचे.

चैत्रात तो हात कापायला लागला. जोलभऱ्याचं सगळं मर्म सांध्यात असतं. साच्यात छेना अर्धा भरायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, गुलाबपाणी ओतायचं, वर छेन्याचं झाकण ठेवून तळव्याने एकदाच दाबायचं. दुसऱ्यांदा दाबलं की सांधा उकलतो आणि पाणी पाझरून जातं. थरथरता हात काही एकदा दाबून थांबत नाही. गिऱ्हाईकं भिडेपोटी गप्प होती. पण रोज आमच्या बाकावर बसून एक जोलभरा खाणारे निमाईबाबू, जे तो आधी कानाशी हलवून बघतात, ते एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "खगेन, विहीर आटली की रे तुझी."

झालं. यजमानांच्या नाकावरच राग. म्हणाले, "षष्ठीला माझ्या जावयाचा जोलभरा मीच करणार. तो भिजला नाही, तर साच्याला पुन्हा हात लावणार नाही."

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, ही कसली प्रतिज्ञा? हात काय ऐकतो का आपलं?"

"टुकूच्या आई, तू जावयाच्या ताटाचं बघ. संदेशाचं मी बघतो."

बोललेला शब्द ते मागे घेत नाहीत, हे मला अडतीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलंय. साचा सुटला तर हा माणूस आठवड्यात अंथरूण धरेल, याची मला खात्री होती.

षष्ठीच्या सकाळी आमची लेक टुकू आणि नवा जावई सौगत आले. सौगत पद्मा नदीपलीकडच्या, पूर्व बंगालातल्या घरातला, म्हणजे बांगाल. पोरगा गुणी, पण भारी अबोल. आणि प्रत्येक पदार्थ खाण्याआधी त्याचा वास घेणार. पाण्याचासुद्धा. मी टुकूला म्हटलंही, "नवरा केलास की मांजर?"

"आई, हळू बोल. ऐकतोय तो."

"ऐकू दे. आमची साखर घातलेली डाळ खायला लागला की आपोआप बोलेल."

यजमानांनी पहाटेच जोलभरा करून पितळी ताटलीत वाटीखाली झाकून ठेवला होता. ते आंघोळीला गेले आणि मी वाटी उचलली. संदेशाखाली पाण्याचं कडं पसरलं होतं. आत थेंब उरला नसणार. मग मी काही विचार केला नाही. छेना होता, गुलाबपाणी होतं. दहा मिनिटांत माझा जोलभरा करून ताटलीत ठेवला आणि त्यांचा कपाटात लपवला. खोटं केलं, हो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

सौगतला पाटावर बसवलं, मनगटाला हळदीचा दोरा बांधला, ताडाच्या पंख्याने वारा घातला. त्याने जोलभरा उचलला. सवयीप्रमाणे वास घेतला. मग चांगला मोठा चावा मारला. पाणी उडालं ते चष्म्यावर, नाकावर, टुकूने निवडलेल्या रेशमी कुडत्यावर. मग हा अबोल पोरगा असा हसत सुटला की त्याला ठसका लागला.

सगळे हसले. यजमान मात्र हसले नाहीत. जावयाच्या हातातला उरलेला तुकडा त्यांनी मागून घेतला आणि खिडकीशी नेऊन पाहिला.

"हा सांधा माझा नाही," ते म्हणाले. "मी डावखुरा. माझं झाकण डावीकडे दाबलेलं असतं. हे उजवीकडे आहे."

"अहो, जाऊ द्या ना. जावई भिजला ना?" मी म्हटलं.

"भिजला. मी नाही भिजवला. माझा कुठाय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी असं बघितलं की मुकाट्याने कपाटातून काढून दिला. त्यांनी तो मोडला. आत कोरडा. तिथेच उभ्याउभ्या सगळा खाल्ला.

"चव आहे. पाणी नाही," म्हणाले. मग सौगतकडे वळले. "जावईबापू, ऐकून ठेवा. सणावारी कामाचा रेटा असायचा तेव्हा निम्मे जोलभरे तुमची सासू आतल्या खोलीत बसून करायची. लोक माझं नाव घेऊन खायचे. मी खाऊ दिले."

टुकू म्हणाली, "बाबा, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं. चूक माझी. आणि शब्द दिलाय, तर साच्याला हात लावणार नाही."

जे टाळायला हा खटाटोप केला तेच माझ्या हाताने घडलं, असं वाटलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"उद्यापासून साच्यावर तू बसायचं. आत नाही, पुढे, दुकानात. छेना मी परतीन. कढईला थरथर चालते."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पुढे बसले. जाणारे-येणारे टकमक बघत होते. पाठीमागे कढईत यजमानांचा उलथणं फिरवण्याचा आवाज चालला होता. स्टेशनजवळच्या एक बाई आल्या, माझ्याकडे जरा तिरकं बघत म्हणाल्या, "खगेनबाबूंच्या हातचे जोलभरे हवेत हो. पाहुणे आहेत घरी."

मी काही बोलणार, तेवढ्यात कढईमागून खणखणीत आवाज आला.

"खगेनचे मिळायचे नाहीत. कनकलताचे आहेत. त्याहून चांगले आहेत."

या माणसाने अडतीस वर्षांत माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. घरात नाही, एकांतातही नाही. आणि आज भर दुकानात, परक्या बाईसमोर. हातातल्या साच्यात मी छेना दुप्पट भरला. पण पदर डोळ्यांना लावला नाही. ताठ बसले आणि बाईंना विचारलं, "किती देऊ?"