तिसरा आग्रह

यझ्द शहरात नोकरी जाणं सोपं आहे. ती गेली असं माणसाच्या तोंडून वदवून घेणं महाकर्मकठीण. बेकारी विमा खात्यातल्या महरुखखानमना पगार मिळत होता तो या दुसऱ्या कामाचा. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर ‘तज्ज्ञ’ असं लिहिलेलं होतं. तसं त्या खात्यात ज्याला टेबल मिळालं तो प्रत्येकजण तज्ज्ञच होता, आणि ज्याच्या टेबलामागे खिडकी होती तो वरिष्ठ तज्ज्ञ. महरुखखानमच्या मागे भिंत होती.

कायदा सरळ होता. नोकरी तुमच्या इच्छेविरुद्ध गेली असेल तर भत्ता मिळेल आणि दवाखान्याचा विमाही चालू राहील. स्वतः होऊन सोडली असेल तर घरी बसा. ज्यांनी तेहरानात बसून हा कायदा लिहिला त्यांनी यझ्दच्या माणसाबरोबर कधी चहा घेतला नसावा. आपल्या इच्छेविरुद्ध काही घडलं, असं इथला माणूस परक्या बाईपुढे जन्मात म्हणायचा नाही. पाय मोडला तर म्हणेल, पायाला जरा विश्रांती हवीच होती.

उस्ता यदुल्ला त्यातलेच, किंबहुना त्यातले मुकुटमणी. फरश्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि भुवया कधीच्याच जळून गेल्या होत्या. खुर्चीवर बसायलाच त्यांनी इतके आढेवेढे घेतले, की मागच्या रांगेतला एकजण उठून जेवायला गेला.

“तुम्हाला कामावरून काढलं का?” महरुखखानमनी विचारलं.

“काढलं असं कसं म्हणू, खानम? हाजी फखरुद्दीन देवमाणूस. ते म्हणाले, यदुल्ला, तू फार दमलास रे. जरा आराम कर.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, तुमची सावली आमच्यावर राहो, मीच आजवर फार त्रास दिला. आणि डबा घेऊन निघालो.”

म्हणजे पडत्या फळाची आज्ञा. महरुखखानमनी कपाळाला हात लावला. “ते आणखी काही बोलले?”

“बोलले ना. म्हणाले, कारखाना तुझाच आहे, वाटेल तेव्हा ये, आमच्या डोळ्यांवर पाऊल ठेव.”

“मग गेलात का परत?”

यदुल्लांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंनी त्यांना हाजींच्या डोळ्यांवर खरोखरच बुटासकट उभं राहायला सांगितलं होतं. “असं कुठे जातात का, खानम? ते तर नुसतं तआरुफ होतं.”

तआरुफ म्हणजे तोंडदेखला आग्रह आणि तितकाच तोंडदेखला नकार. टॅक्सीवाला भाडं विचारल्यावर म्हणतो, राहू द्या, तुमच्यासाठी फुकट. आणि जो खरंच पैसे न देता उतरेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पहिला आग्रह रीतीचा, दुसरा ओळखीचा, तिसरा खरा. शेंबड्या पोरालाही हे कळतं. कळत नाही ते फक्त कायद्याला.

महरुखखानमनी हाजींना फोन लावला. पलीकडून नुसता मध गळत होता.

“मी? यदुल्लाला काढीन? अहो, तो आमच्या डोक्यावरचा मुकुट. त्याचा तोच गेला. माझं काळीज फाटलं, खानम. जाताना पश्मक मिठाईचा डबा दिला त्याला. आमचं दार त्याला सताड उघडं आहे, असं मी लेखीसुद्धा कळवलंय तुमच्या खात्याला.”

कळवलं होतं खरं. कामगाराला काढलं तर भरपाई द्यावी लागते. तो आपणहून गेला तर एक पश्मकचा डबा पुरतो. सुंठीवाचून खोकला घालवायची ही युक्ती हाजींनी एकट्यानेच काढलेली नव्हती. त्या वर्षी शहरात बरेच कामगार अचानक ‘दमले’ होते.

कागद नवाबीसाहेबांकडे गेला. नवाबीसाहेबांमागे दोन खिडक्या होत्या. त्यांनी तो वाचला आणि हळहळले. “मालक म्हणतो ये, कामगार म्हणतो नको. यात इच्छेविरुद्ध काय आहे, बाई?”

“साहेब, ते तआरुफ आहे. तुम्हालाही कळतंय.”

“मला यझ्दचा माणूस म्हणून कळतंय. अधिकारी म्हणून नाही कळत,” साहेब म्हणाले आणि खडीसाखरेचा चहा पुढे सरकवला. महरुखखानमनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलंच नाही.

एरवी महरुखखानमनी फाईल बंद केली असती. पण यदुल्लांची बायको तूबा एका डोळ्याने आंधळी झाली होती, दुसऱ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरलेली होती, आणि विमा गेला की शस्त्रक्रियाही गेली. हे यदुल्लांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शेजारणीने सांगितलं, तेव्हा ते खजील होऊन तिला गप्प करत होते. महरुखखानमना त्या माणसाचा भयंकर राग आला. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर दोघी हातात हात घालून समोर बसल्या होत्या.

“उद्या कामावर जायचं,” त्यांनी फर्मावलं. “हाजी म्हणाले ना वाटेल तेव्हा ये? मग जा. ठेवून घेतलं तर नोकरी आली. हाकललं तर भत्ता आला. मी स्वतः येते पाहणीला.”

यदुल्ला पांढरे पडले. “मला नाही जमायचं, खानम. दुसरं काहीही सांगा.”

“तूबाबाईंना जमेल का हो, दोन्ही डोळ्यांनी आंधळं व्हायला?”

यदुल्ला उठून गेले, आणि सकाळी कारखान्याच्या फाटकाशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले.

हाजी स्वतः सामोरे आले. कुरवाळणं, गळाभेट, तब्येतीच्या चौकशा. “या, या, तुमचंच घर आहे.” यदुल्लांनी सवयीने मान तुकवून नको नको म्हणायला तोंड उघडलं, तोच महरुखखानमनी मागून त्यांच्या कोपराला ढोसलं.

“येतो,” यदुल्ला म्हणाले.

हाजींचं हसू होतं तिथेच थिजलं. पहिल्याच आग्रहाला हो म्हणणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. यदुल्ला मात्र चालत भट्टीपाशी गेले. खुंटीवरचा एप्रन काढून त्यांनी कमरेला बांधला. भट्टीसमोर त्यांच्या स्टुलावर हाजींचा जावई बसला होता आणि मोबाईलवर काहीतरी पाहत होता. जावई हा दशमग्रह. तो कुठल्या घरात बसला आणि कुणाची नोकरी खाल्ली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शेजारी वेड्यावाकड्या भाजलेल्या फरश्यांचा ढीग होता. यदुल्लांनी तो पाहिला आणि सभ्यपणे नजर वळवली.

कामगार हातातलं काम सोडून भोवती जमले. हाजींनी घाम पुसला.

“यदुल्ला, अरे या वयात ही धग? मला बघवत नाही.”

“मला सोसते, हाजी.”

“आधी चहा घे.”

“काम झाल्यावर घेईन.”

“हाजीसाहेब,” महरुखखानमनी कागद काढला, “मग आजपासून हजेरी धरायची ना?”

हाजींनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा कामगारांकडे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मान लालबुंद झाली. महरुखखानम लेखणी धरून वाट पाहत होत्या. आता एकच शब्द हवा होता, आणि तो हाजींच्या जिभेवर येऊन बसलेला सगळ्यांना दिसत होता.

आणि तेवढ्यात यदुल्लांनी घात केला.

“नाही हो हाजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” एप्रनची गाठ सोडत ते घाईने म्हणाले. “मी सलाम करायला आलो होतो फक्त. भट्टीला हात लावावासा वाटला, लावला. मी माझ्या इच्छेनेच गेलोय.”

महरुखखानमना वाटलं, तो एप्रन याच्याच गळ्याला आवळावा. हाजींच्या अंगात मात्र जीव आला. संकट टळलेल्या माणसाचा आग्रह फार उदार असतो.

“असं कसं जाशील? मी जाऊ देणार नाही. राहा.”

“नको, हाजी. कृपा आहे तुमची.”

“तुझ्याशिवाय ही भट्टी पोरकी आहे रे. राहा म्हणतो ना.”

“लाजवू नका, हाजी.”

“माझ्या गळ्याची शपथ, यदुल्ला. आजपासून राहा.”

झाले तीन. हाजींना मोजायचं भान नव्हतं. यदुल्ला नाही म्हणणार याची त्यांना सूर्य उगवण्याइतकी खात्री होती. यदुल्लांनी तिसऱ्या नकारासाठी श्वास घेतला.

“मान्य,” महरुखखानम म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“उस्ता संकोची आहेत, म्हणून त्यांच्या वतीने मी सांगते. तिसरा आग्रह मोडायचा नसतो आणि तुम्ही तर शपथ घातलीत. एवढे सगळे साक्षीला आहेत. हाजी, हजेरी मागवा. जावईबापू, उठा त्यांच्या स्टुलावरून.”

जावई खरंच उठायला लागला. ते पाहून हाजींचा उरलासुरला मध आटला.

“बस रे तू खाली,” ते जावयावर खेकसले आणि महरुखखानमकडे वळले. “काय चालवलंय हे, बाई? काढलाय मी त्याला. म्हातारा झालाय तो, नकोय मला. लिहा काय लिहायचं ते आणि घेऊन जा त्याला इथून.”

महरुखखानमनी शब्दन् शब्द लिहून घेतला. चार कामगारांनी खाली बघत सह्या केल्या. यदुल्लांनी एप्रनची नीट घडी केली, खुंटीवर ठेवली, आणि हाजींना सलाम करून बाहेर पडले. हाजींनी सलाम घेतला की नाही, हे त्यांनी पाहिलं नाही.

दुपारी नवाबीसाहेबांनी ‘इच्छेविरुद्ध’ या शब्दाखाली झोकात सही केली. त्यांना पद्धत इतकी आवडली की महरुखखानमनी इतर तज्ज्ञांसाठी यावर एक शिबिर घ्यावं, असं त्यांनी जागच्या जागी ठरवूनही टाकलं. महरुखखानम आनंदाने फुलून टेबलाशी आल्या. यदुल्ला भिंतीशी बसले होते.

“घ्या, झालं काम,” त्या म्हणाल्या. “भत्ता सुरू, विमा सुरू. तूबाबाईंच्या डोळ्याची काळजी मिटली. आता तरी मोकळे व्हा, उस्ता. एवढी कसली भीड त्या माणसाची? सकाळी शब्द त्याच्या ओठावर आला होता आणि तुम्ही मध्ये पडलात. त्याची लाज झाकायला.”

“त्याच्या लाजेसाठी नाही, खानम.” यदुल्लांनी कागद घेऊन खिशात ठेवला. “हाजी ‘वाटेल तेव्हा ये’ म्हणाले ना, ते तआरुफच असणार, मलाही कळत होतं. पण वाटायचं, शंभरातला एक शब्द खरा असेल. रोज सकाळी वाटायचं. म्हणून तर मी जाऊन बघत नव्हतो.”

महरुखखानम काहीतरी बोलायला गेल्या. या शहरात अशा वेळी म्हणायची शेकडो गोड वाक्यं आहेत आणि त्यांना ती सगळी पाठ होती. त्यातलं एकही त्यांच्या तोंडून निघालं नाही.