शकुनबाईची सून, एकोडी

सकाळी सव्वादहाला साकोलीच्या स्कॅन सेंटरमध्ये गुलाबचा फोन आला. त्याच्या यकृतावरचा डाग एका अनोळखी माणसाने त्याला फोनवरून सांगितला होता.

फोन भावनाने घेतला. सेंटरची सीटी मशीन तीच चालवते. गुलाबच्या सांगण्यानुसार माणूस हिंदीत बोलत होता, अगदी शांतपणे. त्याने डाग कोणत्या बाजूला आहे ते सांगितलं आणि विचारलं, "घर में किसको मालूम है?"

"आन् मले 'गुलाब मोठा एकोडी' म्हने," गुलाब म्हणाला. "मले मोठा कोन म्हनते मॅडम? मी तं घरात सगळ्यात लहान आहो."

त्याला मोठा फक्त भावनानेच म्हटलं होतं, तेही मशीनमध्ये. एकोडीचे दोन गुलाब तपासणीला येतात. एकाचे फोटो दुसऱ्याच्या नावावर जाऊ नयेत म्हणून ती नावाच्या रकान्यातच ओळख, गाव आणि मोबाईल नंबर लिहीत आली होती.

सगळे स्कॅन मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर साठतात. तो उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या अनुपने बसवला. बसवताना स्क्रीनवर प्रश्न येत गेले. पासवर्ड हवा का, ओळखीच्या कॉम्प्युटरलाच आत घ्यायचं का, फोटो कुलूपबंद ठेवायचे का. रिपोर्ट देणारे डॉक्टर नागपूरला घरून फोटो पाहतात आणि त्यांच्या इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो. कडक पर्याय निवडला की तेच बाहेर राहत. शिवाय त्या वेळी हायवेवरच्या अपघाताचा पेशंट टेबलावर होता. सध्या सगळं खुलं ठेवा, मग पाहू, असं भावना म्हणाली. पावसाळ्यात भाताचा रोवणा लागला तरी ते तसंच होतं.

बाराच्या सुमारास मालनबाईंचा मुलगा स्वतः आला. आईला तसाच फोन आला होता आणि तिने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. भावनाने अनुपला फोन लावला. त्याने आधी सर्व्हरची इंटरनेटची वायर काढायला सांगितली. मग विचारलं, कोणाकोणाला फोन आले. काल संध्याकाळी बंटी, तेव्हा मला ती कोणाची तरी थट्टा वाटली; आज गुलाब, मालनबाई, ती म्हणाली.

"इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने चाललाय तो," अनुप म्हणाला. "ज्यांच्या रिपोर्टात काही निघालं तेवढेच घेतोय. यादीत मालनबाईंच्या खाली कोण आहे पाहा."

मनिष होता. मग मारोतराव. त्याखाली 'रिता शकुनबाईची सून एकोडी'.

रिता भावनाची धाकटी बहीण. माहेरी आली असताना तिला एकदा फिट आली होती आणि सीटीत डोक्यात बारीक गाठ दिसली होती. औषधाने ती वाळेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. सासरी दोघींनी सांगितलं नव्हतं. शकुनबाईंनी मोठ्या सुनेला दम्यावरून माहेरी धाडलं होतं, ती अजून परत आलेली नाही.

भावनाने रिताचा नंबर लावला. शकुनबाईंनी उचलला.

"रिता बांधीत हाये, रोवन्याले. फोन चिखलात पडते म्हनून घरीच ठेवते. मलेच उचला लागते सगळ्याईचे."

फसवणुकीचे फोन येत आहेत, आज अनोळखी नंबर उचलू नका, असं भावनाने सांगितलं. फोन बंदच ठेवला तर बरं, असंही म्हणाली. शकुनबाईंना ते पटलं नाही. ट्रॅक्टरवाल्याचा फोन यायचा होता.

"आन् उचलला तं का होते?" त्या म्हणाल्या. "माह्या घरी लपवाचं का आहे?"

तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि भावनाने फोन ठेवला.

अडीचला मनिषचा फोन आला. त्यालाही तोच प्रश्न विचारला गेला होता. वायर दुपारपासून निघालेलीच होती.

अनुप एसटीने आला आणि सर्व्हर नव्याने बसवायला घेतला. तेच प्रश्न पुन्हा आले. भावना प्रत्येकाला हो म्हणत गेली. नागपूरचे डॉक्टर संध्याकाळपर्यंत काही पाहू शकणार नव्हते. सेंटरचे मालक पोलीस ठाण्यात गेले होते आणि तिथेच बसून होते.

"ताई, दार आता लागलं," अनुप म्हणाला. "पण त्यानं नेलं ते त्याच्याजवळ आहेच."

मारोतरावांचा फोन तो बोलत असतानाच आला. भावनाने मशीन बंद केली, राहिलेल्या पेशंटांना उद्या या म्हणून सांगितलं आणि एकोडीला जाणाऱ्या ऑटोत बसली.

चारला तिने ऑटोतून रिताचा नंबर लावला. तो दुसऱ्या कॉलवर व्यस्त होता. पुन्हा लावला, तेव्हाही.