एका हीट एक्स्चेंजरचे चोपन्न अंश

मित्रांनो, माझे नाव ऐकून दचकू नका. मी एक जुना हीट एक्स्चेंजर आहे. लोखंडी नळाच्या पोटात तांब्याची नळी, एवढाच माझा देह. आतून गरम पाणी वाहते, बाहेरून गार. दोघांची गाठ कधी पडत नाही, तरी एकाची ऊब दुसऱ्याला मिळते. ती किती मिळाली हे मोजायला केमिकल इंजिनिअरिंग शिकणारी मुले माझ्यापाशी येतात. पुढे कारखान्यांत माझी थोरली भावंडे त्यांना सांभाळायची असतात; त्याची बाराखडी ती माझ्यावर गिरवतात.

एका वेल्डरने आणि त्याच्या मेव्हण्याने मला जोडले. "सांधा गळला तर माझं नाव सांगू नका हं," असे मेव्हणा हसत म्हणाला होता. सांधा आजवर गळलेला नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझे कोण कौतुक! साठ अंशांचे पाणी माझ्यातून जाऊन पंचेचाळीस अंशांवर बाहेर पडे; बाकीची ऊब मी गार पाण्याला दिलेली असे. मुले पुन्हा पुन्हा मोजत आणि जर्नलवर सरांची सही घ्यायला धावत.

मग एका वर्षी पंप बंद पडला. मुलांनी वरच्या वर्गाच्या जर्नलमधून आकडे उतरवले आणि सही मिळाली. पुढच्या वर्षी पंप सुरू होता, पण उतरवण्याची वाट पडून गेली होती. मुले माझ्यासमोर उभी राहत, गप्पा मारत आणि पंचेचाळीस लिहीत. इकडे माझ्या पोटात पाण्यातले क्षार थराथराने साचत होते. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरे पुट धरते ना, तसेच. त्या पुटातून ऊब पलीकडे जाईना, आणि पाणी गरमच बाहेर पडू लागले. मी आजारी होतो, आणि वहीत दरवर्षी मला ठणठणीत ठरवले जात होते.

यंदा एक मुलगी आली. पाण्याचे तापमान स्थिरावेपर्यंत ती अर्धा तास नुसती थांबली. मग वाकून तिने थर्मामीटर पाहिला आणि लिहिले, चोपन्न.

"पंचेचाळीस लिही नि मोकळी हो, सत्याची पुतळी कुठली!" तिची मैत्रीण कुजबुजली. "तुझ्यापायी आम्हीपण अडकू."

सरांनी जर्नल पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "नीट पाहिलंस का?"

"तीनदा पाहिलं, सर."

"दरवर्षी पंचेचाळीस येतं."

"येतं की लिहितात, सर?"

 सरांनी पेन खिशात ठेवले. "उद्या शेवटचा दिवस आहे. दुरुस्त करून आण, नाहीतर सही मिळणार नाही."

सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली.  मित्रांनो, मी मनापासून धडपडलो. एखादा अंश तरी उतरावा म्हणून! पण पुन्हा चोपन्नच आले, आणि तिने चोपन्नच लिहिले.

"वर्ष जाईल तुझं, कळतंय का?" सर म्हणाले.

"कळतंय, सर." तिचा आवाज बारीक झाला. "माझे बाबा बॉयलरवर काम करतात. त्यांच्या जोडीदारानं एकदा काटा न बघताच कालचा आकडा लिहिला. त्या दिवसापासून बाबांच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही."

 सरांनी प्रयोगशाळेतल्या मिस्त्रीकाकांना हाक मारली. काकांनी पान्याने माझ्या टोकाचे तोंड सोडवले आणि आत सळई घातली. पांढऱ्या खपल्यांचा ढीग जमिनीवर पडला.

"अरे देवा!" काका म्हणाले. "याचा गळाच आवळला होता की. बोलणार कसा बिचारा?"

सरांनी एक खपली उचलून तळहातावर घेतली. "मी इथं शिकत होतो तेव्हा मीही पंचेचाळीसच लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "न बघता." चोपन्नच्या खाली त्यांनी सही केली. बाकीची सगळी जर्नल त्यांनी मुलांना परत दिली आणि पुन्हा मोजून लिहायला मुदत वाढवली. मैत्रीण कुरकुरली, पण पुन्हा मोजायच्या रांगेत पहिली तीच उभी राहिली.

दोन दिवस खरवडून, धुऊन मला पुन्हा जोडले. सगळ्यांना वाटले, आता पंचेचाळीस येणार. आले सत्तेचाळीस. माझे वय झाले आहे, मित्रांनो. गेलेली सगळीच ताकद परत येत नाही. सर थर्मामीटरवर वाकले, नीट पाहिले आणि म्हणाले, "लिहा, सत्तेचाळीस."

इतक्या वर्षांत एवढा मान मला कोणी दिला नव्हता. मुलांनो, यंत्र असो की घरातले म्हातारे माणूस, 'ठीकच असेल' असे धरून चालू नका. जवळ जा. थोडे थांबा. आणि जे दिसेल ते, मनाला लागले तरी, तसेच लिहा.