झाकणाखालचा बोल्ट

"ब्रेक कधी दाबायचा तेसुद्धा हिला कळत नाही," असं दादा दवाखान्यात म्हणाला, तेही नर्ससमोर, आणि मी ऐकून घेतलं. बाबांचा हात मोडला होता आणि गाडी मी चालवत होते. कुठल्या तोंडाने बोलणार?

उतारावर वळणाआधी मी ब्रेक दाबला होता. चांगला दाबला होता. पण मागच्या ट्रेलरवरच्या होडीने गाडीला असं रेटलं की आम्ही थेट कोपऱ्यावरच्या भिंतीत. तेव्हापासून होडीची चावी दादाच्या खिशात. मासे धरायला येणारी गिऱ्हाइकं मी जमवलेली, होडी मी घासूनपुसून ठेवलेली, आणि आता मी नुसतं बघत बसायचं. बाबा एका शब्दाने काही बोलले नाहीत. तेच जास्त झोंबलं.

धक्क्यावर दादाला उस्ताद म्हणतात. चढावर ट्रेलर एका दमात मागे नेतो ना! मला चारदा पुढेमागे करावं लागतं, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून हसतो.

धडकेत ट्रेलरचं तोंड वाकलं होतं. तिथे एक सरकता भाग असतो. गाडी थांबायला लागली की होडी पुढे रेटते, त्या रेट्याने तो आत दबतो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. दुकानदार त्याला सर्ज ब्रेकचा ॲक्च्युएटर म्हणतो. मी नवा आणला, तर दादा म्हणे, "तू हात लावू नकोस, मी बसवतो." बरं झालं, ऐकलं नाही. तो कामावर गेल्यावर चाकांना ठोकळे लावले, तोंड जॅकवर घेतलं, तेलाची नळी सोडवली आणि पत्र्याचं झाकण काढलं.

आत बोल्ट होता. सरकत्या भागातून आरपार, वाकून तिथेच रुतलेला. तो भाग तसूभरही सरकणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या दिवशी ट्रेलरला ब्रेकच नव्हते.

हे काम कुणाचं, ते मला विचारायची गरज नव्हती. मागे घेतानाही तोच रेटा बसतो, म्हणून चढावर ट्रेलर अडून बसतो. बोल्ट घातला की ब्रेक लागत नाहीत आणि माणूस उस्ताद होतो! काम झालं की बोल्ट काढायचा असतो. धडकेच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्याने तोरा मिरवला आणि काढायला विसरला. विसरला, हे मी माफ केलं असतं. पण दवाखान्यात? तिथे त्याला ठाऊक होतं.

डोक्यात सणक गेली. हातोड्याने ठोकून बोल्ट काढला, खिशात टाकला. नवा भाग बसवला, ब्रेक ऑइल भरलं, स्क्रूड्रायव्हरने आतला दट्ट्या रेटत नळ्यांतली हवा काढली आणि प्रत्येक रेट्याला दादाला एक शिवी दिली.

संध्याकाळी आल्या आल्या त्याने आधी झाकणाकडे पाहिलं. मी हातावरचं तेल पुसत राहिले. त्याला वाटलं असणार, हिला काय कळतंय. बाबा पायरीवर बसले होते, हात गळ्यात.

"उस्ताद," मी म्हणाले, "तेवढा ट्रेलर मागे घेत घराच्या चढावर लावून दे. मला कुठे जमतं?"

फुगलाच तो. दुरुस्त होऊन आलेल्या गाडीत बसला, मागे घेतली. चढाला लागताच ट्रेलर अडून बसला. त्याने आणखी जोर लावला. टायर घासले, जळका वास सुटला. परत तेच. शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहिले. शेवटी खिडकीतून डोकं काढून तो खेकसला, "अगं, बघतेस काय? बोल्ट घाल ना आधी!"

"कुठला बोल्ट?" बाबांनी विचारलं.

मी तो वाकडा बोल्ट त्यांच्या चांगल्या हातात ठेवला. "झाकणाखाली होता, बाबा. आपण भिंतीत गेलो तेव्हासुद्धा."

दादा खाली उतरला. "मी काढणारच होतो..."

"दवाखान्यात आलास तेव्हा माहीत होतं तुला?" बाबांनी विचारलं.

दादाने नजर टायरकडे वळवली. बाबांनी याच्या थोबाडीत द्यावी असं मला फार वाटत होतं. ते नुसते उठले आणि गाडीत बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

"चल," मला म्हणाले. "त्याच उतारावरून."

एका हाताने त्यांना पट्टा लावता येईना. मी लावून दिला. मग स्टिअरिंगमागे बसले आणि गाडी सुरू केली.