मी पोकळ नव्हतो

"बाबा, हा खरा असला तर?"

थेकला लिंडनरने हा प्रश्न आपणहून विचारला नव्हता. युले आणि पौलिन या तिच्या दोन मैत्रिणींनी तिला पैजेवर चढवलं होतं. "हल्ली फार बिनधास्त झालीयेस ना? मग विचार सगळ्यांसमोर. नाही विचारलंस, तर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायचीस."

मित्रांनो, तो प्रश्न माझ्याविषयी होता. मी लाकडी दांड्याचा जुना जर्मन हातगोळा. आत्ता मी वाळू भरलेल्या पेटीत पडून आहे. थोड्या वेळाने मला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेतील आणि तिथून मी परत येणार नाही. म्हणून माझी हकिगत जरा घाईने सांगतो. सांभाळून घ्या.

माझा जन्म युद्धात झाला. एका लांबलचक कारखान्यात बायकांच्या हातांनी मला घडवलं. त्या जेवणाच्या सुट्टीत पातळ कोबीचं सूप पीत आणि पुन्हा कामाला लागत. पत्र्याचं डोकं, त्यात ठासून भरलेली दारू, खाली बीचच्या लाकडाचा दांडा. दांड्याच्या पोटातून एक दोरी जाते आणि तिच्या टोकाला चिनी मातीचा पांढरा मणी असतो. तो मणी दांड्याच्या तळाच्या झाकणामागे झोपलेला असतो. झाकण फिरवलं की तो घरंगळत बाहेर येतो. मग कुणी तो ओढला, तर चार-पाच श्वासांत सगळं संपतं. माझं आयुष्य म्हणजे त्या मण्याने झोपून राहणं, एवढंच.

युद्धाच्या शेवटच्या वसंतात मी एका सैनिकाच्या पट्ट्यात होतो. जर्मनीच्या पूर्वेकडे, नाइसे नदीच्या अलीकडे, पाइनच्या रानात. त्याने मला कधीच फेकलं नाही. एका शेतकऱ्याच्या कोठारात त्याने गणवेश उतरवला, कुणाचा तरी जुना कोट चढवला, मला गवताखाली सारलं आणि तो निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. त्याने मला लपवलं होतं, निकामी केलं नव्हतं.

त्यानंतर मी इतकी वर्षं झोपलो, की माझ्या डोक्यावर उंदरांच्या पिढ्या वाढल्या.

मग एक दिवस ते कोठार रिकामं झालं. थेकलाचे बाबा, हेनिंग लिंडनर, सिनेमासाठी जुन्या वस्तू पुरवतात. दुधाच्या बरण्या, घसरगाड्या, कंदील, विळे, सगळं त्यांनी गाडीत भरलं. गवतासकट मीही गेलो. त्यांच्याकडे आधीच एक पेटी होती सरावाच्या हातगोळ्यांची. ते गोळे रिकामे असतात. त्यांच्या डोक्याला मुद्दाम भोकं पाडलेली असतात आणि वर तांबडा रंग दिलेला असतो, म्हणजे आंधळ्यालाही कळावं की यात काही नाही. पण कॅमेऱ्याला ती भोकं चालत नाहीत ना. म्हणून हेनिंगनी सगळी भोकं रंगारी वापरतात ती लांबी भरून बुजवली, वर करडा रंग मारला आणि ते इतके खऱ्यासारखे केले, की खरा मी त्यांच्यात जाऊन पडलो तेव्हा माझ्यात आणि त्यांच्यात काही फरकच उरला नाही.

गाडी उतरवताना हेनिंगचा हाताखालचा माणूस म्हणाला, "हा एक बाहेरच राहिला."

"टाक पेटीत. रंग उडालाय त्याचा, एक हात मारून घेतो," हेनिंग म्हणाले.

मला ओरडायचं होतं. पण मला एकदाच ओरडता येतं.

आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्यानंतरची वर्षं मजेची गेली. मी पडद्यावर झळकलो. फेकायला खोटी दोरी लावलेले रबराचे गोळे असत, पण जवळून चेहरा दाखवायचा असला की मलाच बोलावत. "हा द्या हो, याचं वजन कसं खरं वाटतं," असं नट म्हणत, आणि माझ्या अंगावर काटा येई. माझ्या जन्माच्या आधी संपलेल्या युद्धातही मला उभं केलं, कुणाला पत्ता लागला नाही. पडद्यावर मी फुटलो की आगीचा केवढा डोंब उसळायचा. मित्रांनो, तो पेट्रोलचा खेळ. मी खरा फुटलो, तर बघण्यासारखं काही नसतं. एक काळपट धूर, एक धक्का, आणि जवळ उभा असलेला माणूस उभा राहत नाही. आणि दर वेळी कुणी ना कुणी नट ती खोटी दोरी दातात धरून हसायचा. कुणाला माझी खरी दोरी दिसली असती, तर त्याचे दात वाजले असते.

आजच्या सिनेमात ते हसणं थेकलाच्या वाट्याला आलं होतं. तिची पहिलीच मोठी भूमिका. खेड्यातली मुलगी मरून पडलेल्या सैनिकाच्या पट्ट्यातून मला उपसते, झाकण फिरवते, दोरी दातात धरते आणि हसत फेकते. सगळा उन्हाळा ती घरात लाटणं घेऊन हे करत होती. युले आणि पौलिन डोक्याला रुमाल बांधून गर्दीत उभ्या होत्या.

पट्ट्यातून उपसण्याच्या दृश्यासाठी मी तिच्या हातात होतो. ओढायचा क्षण येण्याआधी तिने तो प्रश्न विचारला.

गर्दीत खसखस पिकली. दिग्दर्शिका ब्रांडिसबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. हेनिंगचे कान लाल झाले.

"लिंडनरच्या पेटीतला आहे तो, बयो. फुटलाच तर भुसा उडेल."

"मग उघडून दाखव ना."

सिनेमाच्या धंद्यात एक रीत आहे. बंदूक असो की गोळा, नटाने म्हटलं की तो त्याच्या डोळ्यांदेखत उघडून दाखवायचा. गोळ्यांच्या बाबतीत ती रीत कधीच मागे पडली होती, रिकाम्या दांड्यात काय बघायचं म्हणून. पण मुलीने सगळ्यांसमोर म्हटल्यावर हेनिंगला नाही म्हणता येईना. मी तिच्याच हातात होतो. ते पुढे आले आणि त्यांनी झाकण फिरवलं.

मणी खाली पडला. तिच्या मनगटावर टेकला आणि दोरीवर लोंबकळू लागला.

हेनिंगच्या रिकाम्या गोळ्यांत दोरी नसते.

"थेकला," ते इतक्या हळू म्हणाले, की ते फक्त तिने आणि मी ऐकलं. "हात हलवू नकोस."

"बाबा, ही दोरी..."

"माहितेय. माझ्याकडे बघ. मण्याकडे नको."

मग मान न वळवता ते सगळ्यांना म्हणाले, "सगळ्यांनी मागे जा. भिंतीपलीकडे. धावू नका."

कुणीतरी अजून हसत होतं. मग ते हसू थांबलं. दगडी रस्त्यावर पावलं वाजत गेली आणि आम्ही तिघे उरलो. तिच्या बोटांतली नाडी माझ्या दांड्यावर थडथडत होती. दोरी सैल होती. ती तशीच सैल राहू दे, एवढंच मी म्हणत होतो. मी फुटण्यासाठीच जन्मलो होतो, आणि आयुष्यात मला कशाची भीती वाटली असेल, तर त्या क्षणी फुटण्याची.

"तुझा हात कापतोय," थेकला म्हणाली.

"तुझाही."

"मी सोडू?"

"मी म्हणेन तेव्हा."

आग विझवायची वाळूची बादली पायाशीच होती. बापलेक एकत्र गुडघ्यांवर बसले. बापाच्या तळव्यात तिचा तळवा, त्यात मी. मणी वाळूला टेकला, मग दांडा, मग डोकं.

"आता सोड. आणि चालत जा."

"तू पण."

"मी पण."

भिंतीपलीकडे गेल्यावर कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. तो पौलिनचा होता. "मी उचलते तुझं दप्तर," ती हुंदके देत म्हणत होती, "वर्षभर उचलते."

मग स्फोटकं निकामी करणारे ओस्वाल्ड नावाचे गृहस्थ आले. त्यांनी नखाने माझ्या डोक्यावरचा करडा रंग खरवडला. खाली लांबी नव्हती, भोकही नव्हतं.

"रंग मात्र सुंदर दिलाय कुणीतरी," मला वाळूच्या पेटीत ठेवत ते म्हणाले.

हेनिंग फुटपाथवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. रानात, कोठारात, माळ्यावर माझ्यासारखा कुणी दिसला, तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आम्ही म्हातारे होतो, पण शहाणे होत नाही. आणि पडद्यावर मला दाखवायचंच असेल, तर मी जसा आहे तसा दाखवा. मला खेळणं करू नका. खेळणं समजून कुणीतरी मला खरंच उचलतं.

आता पेटी उचलायला माणसं आलीत. कुंपणापाशी थेकला, तिचे बाबा आणि गेझिने नावाची तिची आई उभे आहेत. आई सिनेमाचे कपडे शिवते. तिच्या ओठांत अजून टाचण्या धरलेल्या आहेत. त्या काढून ती म्हणाली, "उद्या घरीच थांब. ब्रांडिसबाईंना मी सांगते."

"नाही आई. मी उद्या येणार. रबराचा गोळा देऊ देत. पण दोरी मी दाताने ओढणार नाही, आणि हसणार तर नाहीच. माझा हात आज कापला, तसाच कापणार."

"अगं, कथेत ती हसते असं लिहिलंय," हेनिंग म्हणाले.

"ज्याने लिहिलंय त्याने खरा गोळा कधी धरला नसेल. ब्रांडिसबाईंना हे मीच सांगते. पटलं नाही तर दुसरी मुलगी बघा म्हणेन. तुम्ही दोघांनी मध्ये पडायचं नाही."