नोंद करणाऱ्याचे नाव

सरूबाईंनी माऊस टेबलापासून नखभर वर उचलून धरला होता आणि त्या तो तसाच इकडून तिकडे फिरवत होत्या. पडद्यावरचा बाण त्यांच्या हाताची वाट न बघता पुढे पळत होता. हात मागे पडू नये एवढीच त्यांची धडपड होती.

शेजारी खुर्ची ओढून वाचनालयाचे सचिव नानासाहेब बसले होते. क्रांती चौकाजवळच्या या वाचनालयाची सगळी पुस्तके ऑनलाइन चढवायची, असे कमिटीने ठरवले होते. ज्याला ते जमेल तोच पुस्तक देवघेवीच्या टेबलावर कामाला राहील, हेही ठरले होते. जमते म्हणून सरूबाईंनी सांगून टाकले होते, आणि नानासाहेब म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, समोर करून दाखवा.

बाण चालवणारी तिकडे मुकुंदवाडीला घरी बसली होती. सरूबाईंची सून, प्रेरणा. घरच्या कॉम्प्युटरवरून इथला पडदा चालवायची सोय तिनेच करून ठेवली होती. सरूबाईंचा फोन वर्तमानपत्राखाली पालथा पडलेला होता आणि कॉल चालू होता. सरूबाई पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक मोठ्याने वाचत आणि प्रेरणा ते ऐकून टाइप करी. झाकली मूठ अजून तरी झाकलेलीच होती.

तसे प्रेरणाने त्यांना महिनाभर शिकवले होते, न चिडता. पण शिकलेले डोक्यात राही आणि बोटांत उतरत नसे. कुणी शेजारी येऊन बसले की संपलेच. प्रेरणाने लग्नाआधी ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला होता. दिवाळीत पणत्या पुसता पुसता ती म्हणाली होती, आई, तुमच्याकडं जागा निघाली तर माझं नाव सांगाल का? एका घरच्या दोघी बऱ्या दिसत नाहीत, म्हणून सरूबाईंनी विषय मिटवला. खरे कारण त्यांना पक्के ठाऊक होते. ही पोरगी एकदा त्या टेबलाशी बसली की आपल्याला कोण विचारणार? नवरा गेल्यापासून याच टेबलाने त्यांना उभे ठेवले होते. ते सोडायची त्यांची छाती होत नव्हती.

चौथे पुस्तक निम्मे झाले असेल, तेवढ्यात शिपाई फकिरा चहा घेऊन आला. नानासाहेबांनी ट्रेमधला एक कप उचलून स्वतः सरूबाईंपुढे धरला. वडीलधाऱ्याने दिलेले एका हाताने घ्यायचे नाही, हे वळण लहानपणापासूनचे. सरूबाईंनी दोन्ही हातांनी कप घेतला.

बाण चालतच राहिला. लेखकाचे नाव अक्षर अक्षर उमटत गेले.

नानासाहेबांनी आधी पडद्याकडे पाहिले, मग कपाभोवतीच्या त्या दहा बोटांकडे.

"सरूबाई, हे कोण चालवतंय?"

सरूबाईंच्या तोंडचे पाणी पळाले, पण उत्तर मात्र पळाले नाही.

"कंपनीचा माणूस हाय, पुण्याचा. तिकडून शिकवत बसतो."

बाण थांबला. लेखकाचे नाव अर्धेच राहिले.

"असं व्हय. बरं हाय की," नानासाहेब म्हणाले. "म्हणा त्याला, होऊ द्या पुढं."

पुढे काही झाले नाही. लाजेने सरूबाईंचे कान तापले. महिनाभर जिने हात धरून शिकवले, तिला ती ऐकत असतानाच त्यांनी पुण्याचा माणूस करून टाकले होते.

"गेला का काय तुमचा माणूस?"

सरूबाईंनी कप खाली ठेवला. हात माऊसवर ठेवला, या वेळी टेबलाला टेकवून. पडद्यावर खाली एक चौकोन होता, नोंद करणाऱ्याचे नाव. आतापर्यंतच्या प्रत्येक पुस्तकाला प्रेरणाने तिथे सासूचेच नाव घातले होते. पहिल्यांदा बाण चौकोनाबाहेर पडला, दुसऱ्यांदा नीट बसला. त्यांनी स्वतःचे नाव पुसले आणि एका बोटाने नवे लिहायला घेतले. जोडाक्षर काही केल्या जुळेना. दोनदा खोडून अखेर जुळले. प्रेरणा.

"ही कोण?"

"माझी सून. पुण्याचा कुणी नाय, नानासाहेब. मी खोटं बोलले. हे समदं ती घरून करती. कोर्स झालाय तिचा. मला नाय जमत."

नानासाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण कमिटीला उत्तर त्यांनाच द्यायचे होते.

"बघा बाई. हे नाव लागलं की कमिटीपुढं हेच जाणार. मग तुम्हाला कशावर ठेवायचं, ते मला सांगता यायचं नाय."

"व्हय," सरूबाई म्हणाल्या. "ते कळतंय मला."

वर्तमानपत्राखालून आवाज आला.

"आई, राहू द्या. सेव्ह करू नका."

नानासाहेब दचकून तिकडे बघू लागले. सरूबाईंनी बाण सेव्हच्या बटणाकडे नेला, तर तो मध्येच अडला आणि उलटा सरकू लागला. प्रेरणा तिकडून त्याला मागे ओढत होती. सरूबाईंनी पुन्हा पुढे नेला, पुन्हा तो मागे आला.

"प्रेरणा," त्या म्हणाल्या, "हात काढ."

बाण आणखी जरासा थरथरला, मग सैल पडला. सरूबाईंनी तो बटणावर नेला आणि बोट दाबले.