डाव्या हाताचा सलाम

छापा

मी एक जुना डॉलर आहे. चांदीचा.

मित्रांनो, जुना म्हणवून घ्यायचाही मला संकोच वाटतो. जुनं व्हायला वापर लागतो, आणि माझी कड अजून बोटाला टोचते. पण वय विचाराल तर तुमच्या पणजीएवढं असेल.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चांदीच्या चकतीवर एक घाव बसला. माझ्या छाप्यावर एका बाईचा चेहरा उमटला आणि काट्यावर उंच खडकावर बसलेला गरुड. गरुडाच्या पायाशी एक शब्द आहे: शांतता. तो कुणी वाचत नाही. डॉलर खरा की खोटा, एवढंच लोक बघतात.

काही महिने मी फिरलो. खाटकाचं दुकान, न्हाव्याची पेटी, चर्चची थाळी. मग लुशियस टिस्डेलच्या तळहातावर आलो आणि थांबलो.

लुशियस आगगाडीत, झोपायच्या डब्यात काम करायचा. गादीवर चादरी घालायचा, उतारूंचे बूट पुसून ठेवायचा. त्या कामातल्या प्रत्येक काळ्या माणसाला गोरे उतारू 'जॉर्ज' अशीच हाक मारत. बावीस वर्षं तो जॉर्ज होता. एकदा एका म्हाताऱ्यानं उतरताना विचारलं, "तुझं खरं नाव काय?" आणि नाव ऐकून मला त्याच्या हातावर ठेवलं. लुशियसनं मला कधी मोडलं नाही.

त्याची मुलगी व्हर्डेल. शाळेत शिकवायची. दुसरं महायुद्ध पेटलं आणि फौजेनं बायकांना घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती अधिकारी व्हायला निघाली. लुशियसनं मला तिच्या मुठीत दाबलं.

"रीत माहीत आहे ना? नव्या अधिकाऱ्याला जो शिपाई पहिला सलाम करील, त्याला चांदीचा डॉलर द्यायचा."

"माहीत आहे, पप्पा."

"आणि देताना तुझं नाव सांग त्याला. टिस्डेल. लेफ्टनंट टिस्डेल. नीट ऐकू जाईल असं सांग."

काटा

आयोवातली छावणी. पूर्वी तिथे घोडदळ होतं. तबेले धुऊन त्यांत खाटा मांडल्या होत्या. जेवणघरात कोपऱ्यातल्या टेबलावर पाटी होती: 'रंगीत'. म्हणजे काळ्यांनी इथेच बसायचं. पाटीला स्वतःला रंग नव्हता.

गणवेशाच्या बाहेरच्या खिशात काही ठेवायला बंदी, फुगवटा दिसतो म्हणून. व्हर्डेलनं अस्तरात माझ्यापुरता एक खिसा शिवला. तेव्हापासून मी जग बघितलं नाही, नुसतं ऐकलं; बाकीचं मुलींच्या बोलण्यातून कळलं.

पदवीदानाचा दिवस ऐका. दाराबाहेर गोरा सार्जंट उभा होता. यानंच सगळ्यांना कवायत शिकवली होती. एकेक नवी अधिकारी बाहेर येई, त्याच्या टाचा जुळत, सलाम होई, डॉलर खणकन त्याच्या हातात पडे. तीस वेळा मी तो आवाज मोजला. मग काळ्या मुलींची रांग आली. व्हर्डेल पहिली.

टाचांचा आवाज आलाच नाही.

"बुटाची नाडी बांधतोय," तिच्यामागून तिची मैत्रीण क्लीओटा बँक्स कुजबुजली. "एवढी लांब नाडी मी जन्मात पाहिली नाही गं."

रांग संपेपर्यंत ती नाडी बांधून झाली नाही.

दोघी तबेल्याकडे वळल्या. तिथे ओझेला प्रुइट फरशी धूत होती. जॉर्जियाची शिपाई, भरती होऊन नऊ दिवस झालेली. व्हर्डेलच्या खांद्यावरची नवी पट्टी बघून तिनं धडपडत सलाम ठोकला.

क्लीओटा खो खो हसली. "डाव्या हातानं!"

"उजव्या हातात बादली आहे, मॅडम," ओझेला म्हणाली.

"मग बादली आधी खाली ठेवायची," व्हर्डेल मास्तरणीच्या आवाजात म्हणाली. "हातात बादली घेऊन कुणी सैनिक होत नाही, प्रुइट. हा सलाम धरला जाणार नाही."

"हो, मॅडम."

पुढे गेल्यावर क्लीओटानं कोपरानं ढोसलं. "अगं, देऊन टाक तिला तो डॉलर. किती खूश होईल."

"आपल्या मुली मायेनं करतात सलाम. हा डॉलर, ज्याला करावाच लागेल, त्याच्यासाठी आहे."

मित्रांनो, ती नाडी तिच्या घशात अडकली होती.

पुन्हा काटा

वर्षभर ती वाट बघत राहिली. गोरे शिपाई समोरून येत आणि तिला बघून रस्ता ओलांडत. नाहीतर दुकानाच्या काचेत डोकं घालत. त्या गावातल्या बायकांच्या टोप्या शिपायांनी जेवढ्या निरखल्या, तेवढ्या बायकांनीही निरखल्या नसतील. दर वेळी व्हर्डेलचा हात अस्तरापर्यंत येई आणि परत जाई. तिच्या घामानं मी आंबट होत गेलो.

मग तिची तुकडी एका लष्करी इस्पितळात गेली. मुलींना जखमींची शुश्रूषा शिकवू, असं वचन होतं. ओझेला तर पट्ट्या बांधायचा सराव उशीवर करायची. पोचल्यावर गोऱ्या मुलींना वॉर्ड मिळाले आणि यांना फरशीपुसणी.

चार महिने त्यांनी फरशा पुसल्या. एका सकाळी, नाश्त्यानंतर, मला पत्र्याचा आवाज ऐकू आला. बादली खाली ठेवल्याचा. फक्त एक. ओझेलानं ती पुन्हा उचलली नाही.

कर्नलनं व्हर्डेलला बोलावलं. "तुमच्या तुकडीतली मुलगी आहे, तुम्हीच आदेश द्या. ऐकलं नाही तर लष्करी न्यायालय."

व्हर्डेलनं तिला अंगणात गाठलं. आधी आदेश वाचला नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "ओझेला, उचल गं ती. मी वर अर्ज केलाय. थोडा धीर धर."

"किती अर्ज केलेत, मॅडम?"

"सहा."

"उत्तरं?"

व्हर्डेलनं बादली तिच्याकडे सरकवली.

"हातात बादली घेऊन कुणी सैनिक होत नाही. तुम्हीच शिकवलंत."

मागे कर्नलचे बूट वाजले. व्हर्डेलनं कागद उघडला आणि आदेश वाचला. शब्द न् शब्द. तिचा आवाज अजिबात कापला नाही.

"नाही, मॅडम," ओझेला म्हणाली. मग टाचा जुळल्या. इतक्या नेटक्या टाचा मी त्या छावणीतही ऐकल्या नव्हत्या. "उजवा हात आहे. आता बरोबर ना?"

व्हर्डेलनं परतीचा सलाम केला. मग घाईघाईनं अस्तरात बोटं घातली, मला बाहेर काढलं. सव्वा वर्षानं उजेड बघितला मी.

ओझेलानं माझ्याकडे बघितलं. तिला रीत माहीत होती. पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"राहू द्या, मॅडम. कुणाची तरी वाट बघताय ना तुम्ही."

पहारेकरी तिला घेऊन गेले.

न्यायालयात व्हर्डेलला दोन प्रश्न विचारले. आदेश दिलात? हो. तिनं नाकारला? हो. तिसरा प्रश्न, 'का?', कुणी विचारला नाही, आणि तिनं आपणहून उत्तर दिलं नाही. ओझेलाला एक वर्ष सक्तमजुरी झाली. तिथेही फरशाच होत्या.

बाहेर पडताना दारावरच्या गोऱ्या शिपायानं टाचा जुळवल्या आणि कडक सलाम केला. "बरं केलंत, लेफ्टनंट."

तोच तो सलाम. ज्याला करावा लागेल त्याचा.

व्हर्डेलची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की माझ्या छाप्यावरची बाई तिच्या तळव्यावर उमटली असेल. तिनं मला दिलं नाही. आपलं नावही सांगितलं नाही.

कड

लढाई संपली. व्हर्डेल पुन्हा शाळेत शिकवू लागली. ओझेलाला तिनं अकरा पत्रं लिहिली. सगळी परत आली. मी एका डब्यात, त्या पत्रांच्या तळाशी. लुशियसनं मरताना विचारलं होतं, "कुणाला दिलास गं?" ती म्हणाली, "एका सैनिकाला, पप्पा." डब्यात असलो तरी मी ऐकलं ते.

ती गेल्यावर डबा विकला गेला. पत्रं कुणी घेतली नाहीत.

आता मी नाण्यांच्या दुकानात मखमलीवर आहे. दुकानदार भिंग लावून गिऱ्हाइकांना दाखवतो, "बघा, जवळजवळ न वापरलेला. कुणीतरी फार जपलाय हो." म्हणून माझी किंमत जास्त आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला जपलं, हेच चुकलं. ज्याचं असेल त्याला देऊन टाका, त्याच्या हातात बादली असतानाच. ओझेलाचा डावा हात तेव्हा मोकळा होता. त्यावर मी सहज मावलो असतो.